एफबीएसऐवजी प्लेटलेट लायसेट वापरताय? या चुका टाळा

मेसेनकायमल स्टेम सेल (हाड, चरबी अशा ऊती बनवू शकणाऱ्या मूळ पेशी) प्रयोगशाळेत वाढवताना एफबीएस, म्हणजे गाईच्या गर्भाचे सीरम, बंद करून मानवी प्लेटलेट लायसेट, म्हणजे फोडलेल्या प्लेटलेटमधला द्रव, सुरू करायचे आणि बाकी प्रोटोकॉल जसाच्या तसा ठेवायचा, इथेच बहुतेकांचे गणित चुकते.

सगळ्यात जास्त फ्लास्क वाया जातात ते मिडियमची, म्हणजे पेशी वाढवण्याच्या द्रवाची, जेली झाल्यामुळे. लायसेटमध्ये फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे प्रथिन असते, मिडियममध्ये कॅल्शियम; दोन्ही एकत्र आले की फायब्रिनची जाळी धरते. म्हणून हेपरिन लागते, साधारण २ युनिट प्रति मिली. क्रम महत्त्वाचा: आधी ४७५ मिली अल्फा-एमईएम या मूळ मिडियममध्ये हेपरिन घालून नीट हलवायचे, मगच २५ मिली लायसेट. उलटे केले तर बाटलीतच गुठळ्या दिसतात. गुठळी झाल्यावर वरून हेपरिन ओतून उपयोग नाही. ते गोठणे थांबवते, गोठलेले विरघळवत नाही.

व्हायलवरचा आकडा दोनदा वाचा. ५०० मिलीला १००० युनिट हवेत, म्हणजे ५००० युनिट प्रति मिलीच्या व्हायलमधून ०.२ मिली, पण १००० च्या व्हायलमधून पूर्ण १ मिली. ५००० च्या व्हायलमधून १ मिली गेले तर मात्रा पाचपट होते आणि पेशींची वाढ मंदावते. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच हेपरिन घ्या. ते बहुधा डुकराच्या आतड्यापासून बनते, त्यामुळे एवढ्यावर ‘प्राणीज घटक शून्य’ असे लिहू नका. तसे हवे असेल तर फायब्रिनोजेन काढलेले लायसेट बघा.

एफबीएसच्या सवयीने लायसेट ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवणे हीदेखील चूकच. त्या तापमानाला फायब्रिनोजेन साका होऊन बसते आणि फिल्टर तुंबतो. फ्रीजरमधून काढलेले लायसेट ३७ अंशांवर वितळवा, लहान ॲलिकॉट (वाटे) करा, पुन्हा गोठवू नका. रक्तपेढीतल्या मुदत संपलेल्या प्लेटलेटपासून स्वतः बनवत असाल तर अनेक दात्यांच्या पिशव्या एकत्र करा. एकाच दात्याच्या लायसेटवर आज पेशी धावतात, पुढच्या बॅचला अडखळतात.

पेशी बारीक, लांबट दिसल्या तर घाबरू नका, लायसेटमध्ये त्या तशाच दिसतात. वेगही वाढतो. जुन्याच घनतेने पेरून शनिवार-रविवार सोडले, तर सोमवारी थर चादरीसारखा सुटलेला सापडतो. चौरस सेंमीला १००० ते ३००० पेशी पेरा, फ्लास्कचा तळ ७०–८० टक्के भरताच पासेज करा, म्हणजे पेशी सोडवून नव्या फ्लास्कमध्ये पेरा. पेशी तळापासून सोडवणारे ट्रिप्सिन घातल्यावर दुसऱ्याच मिनिटाला मायक्रोस्कोपखाली बघा.

पूर्ण सीरममुक्त मिडियमवर जाणार असाल तर पंचाईत वेगळी. तिथे ट्रिप्सिन थोपवणारे काहीच नसते. सोयाबीन ट्रिप्सिन इनहिबिटर घाला. आणि फायब्रोनेक्टिन किंवा व्हिट्रोनेक्टिनचा लेप दिल्याशिवाय बऱ्याच मिडियममध्ये पेशी प्लास्टिकला धरतच नाहीत, दुसऱ्या दिवशी वर तरंगताना दिसतात.