जुना व्हॅक्यूम क्लीनर पुन्हा चालता करताना

जुना व्हॅक्यूम क्लीनर घरात आला की पहिला हात प्लगकडे जातो. तो आवरा. इतक्या वर्षांत वायरीवरचं रबर कडक होऊन आतल्या आत तडकलेलं असतं. वरून सुती वेष्टण शाबूत दिसतं, पण खाली तांबं उघडं पडलेलं असतं. त्यात बहुतेक यंत्रांचं अंग धातूचं आणि वायर दोनच तारांची, अर्थिंग नाही. उघडी तार अंगाला टेकली तर हँडल धरणाऱ्याला शॉक बसणार. म्हणून माझ्या टेबलावर यंत्र आलं की मी आधी त्याची वायर कापते. प्लग जपून ठेवते, तो त्या काळाचा असतो.

माझं आयुष्य मोटरी भरण्यात, म्हणजे त्यांची जळलेली तार काढून नवी गुंडाळण्यात गेलं, त्यामुळे मी यंत्राकडे मोटरीपासून बघते. विकत घेतानाही तेच. झाकण काढता आलं तर पंखा बोटाने फिरवून बघा. अडकत अडकत फिरला तर बेअरिंग गेलंय, ते मिळतं. मोकळा फिरला पण जळका वास आला, तर वाइंडिंग, म्हणजे मोटरीत गुंडाळलेली तार, जळलंय आणि मोटर भरावी लागेल. हे काम मोठं आहे, पण होतं. पंख्याचं पातं तुटलंय, होजच्या टोकाची खिट्टी नाही, ब्रशाचं तोंड गायब आहे, असं असेल तर मात्र नीट विचार करा. वायर, पट्टा, कार्बन (फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारे तुकडे), पिशवी हे सगळं नव्याने करता येतं. ओतीव तुकडा मिळवायचा तर त्याच मॉडेलचं दुसरं मोडकं यंत्रच शोधावं लागतं. चकाकीला भुलू नका, पूर्णत्व बघा. रंग उडालेलं पण सगळ्या नळ्या-तोंडांसकट असलेलं यंत्र मी केव्हाही पसंत करीन.

कोणत्या काळातलं घ्यावं? ह्यूबर्ट सेसिल बूथने 1901 मध्ये लंडनमध्ये बनवलेलं यंत्र घोडागाडीवर असायचं. ते रस्त्यावर उभं करून खिडकीतून नळ्या आत सोडत. ते संग्रहालयातच बघायचं. जेम्स स्पँगलर या ओहायोतल्या सफाई कामगाराने पंख्याची मोटर, उशीचा अभ्रा आणि झाडूचा दांडा जोडून स्वतःचं यंत्र केलं आणि 1908 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. त्यावरूनच हूव्हर कंपनीचं पहिलं मॉडेल निघालं. ते दुर्मीळ आहे. इलेक्ट्रोलक्सने 1921 मध्ये जमिनीवर घसरपट्ट्यांवर सरकणारं आडवं यंत्र आणलं आणि ती ठेवण पुढे कित्येकांनी उचलली. माझं मत विचाराल तर सुरुवात 1950 च्या दशकातल्या आडव्या डब्याच्या यंत्राने करा. ती भरपूर निघाली, सुटे भाग सापडतात आणि मोटर सरळ बाहेर येते. हूव्हरचं 1954 चं गोल कॉन्स्टेलेशन दिसायला देखणं आहे, पण ते दुसरं किंवा तिसरं असू द्या.

उघडण्याआधी पिशवी काढा, तीही घराबाहेर, चांगला मास्क लावून. आतली धूळ कुणाच्या घरातली, कसली, हे कळायला मार्ग नसतो. काही जुन्या यंत्रांत उष्णता सोसणाऱ्या तारांवर आणि वॉशरांत ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास घातक तंतू) वापरलेलं असतं. राखाडी, तंतुमय, भुगा होणारं काही दिसलं तर ते घासू नका, कापू नका. त्यातल्या जाणकारालाच बोलवा.

स्क्रू सरळ खाचेचे असतात. पेचकसाचं टोक खाचेत पुरतं भरलं पाहिजे, नाहीतर खाच कुरतडली जाते. अडलेल्या स्क्रूवर भेदक तेल सोडून रात्रभर थांबा. पंख्याची नट उलट्या आट्यांची असू शकते. जोर लावण्याआधी आटे कुठल्या दिशेला उतरतात ते निरखून घ्या. प्रत्येक थराचा फोटो काढा. कार्बन बाहेर काढताना कोणता कुठल्या बाजूचा आणि कुठल्या दिशेने बसला होता त्याची खूण करा, कारण तो कम्युटेटरच्या, म्हणजे मोटरीच्या दांड्यावरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोल कड्याच्या, गोलाईला झिजून बसलेला असतो.

आता कम्युटेटर. तांबं गुळगुळीत, चॉकलेटी रंगाचं असेल तर त्याला हात लावू नका. तो थर हवाच असतो. काळे डाग किंवा खरखर असेल तर बारीक काच कागदाची पट्टी लावून आर्मेचर, म्हणजे मोटरीचा फिरणारा भाग, हाताने फिरवा. एमरी पेपर कधीही नाही, त्याचे कण वीज वाहतात आणि पट्ट्यांमध्ये अडकून बसतात. पट्ट्यांमधल्या खाचांत साठलेली कार्बनची पूड लाकडी काडीने काढा. नवीन कार्बन घालायचा असेल तर कम्युटेटरवर काच कागद खरखरीत बाजू वर ठेवून गुंडाळा आणि हाताने फिरवत कार्बनला गोलाई आणा. नंतर पूड ब्रशने झाडून काढा. एवढी मेहनत घेतली की ठिणगी बारीक, निळसर राहते. कम्युटेटरभर आगीचं कडं फिरताना दिसलं तर लगेच बंद करा. आर्मेचरमध्ये दोष आहे.

वाइंडिंग पेट्रोलने धुऊ नका. जुनं वार्निश सुटतं आणि वाफ पेट घेते. मऊ ब्रशने धूळ काढा, मग मोटर खोक्यात ठेवून आत साठ वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब रात्रभर लावा. बल्ब पुठ्ठ्याला किंवा मोटरीला टेकू देऊ नका. दमटपणा निघून जातो. त्यानंतर 500 व्होल्टच्या मेगरने (वीजरोध तपासायच्या मीटरने) वाइंडिंग आणि अंग यांच्यामधला रोध मोजा. एक मेगाओहमच्या खाली असेल तर मोटर चालवायची नाही, पुन्हा सुकवायची. रेडिओतली खरखर थांबवण्यासाठी बसवलेला जुना कागदी कपॅसिटर चांगला दिसला तरी बदला. वीजवाहिनीला चालणारा, सुरक्षा-वर्गाचा कपॅसिटरच लावा.

बॉल बेअरिंग असेल तर त्याच मापाचं नवं घाला. बुश (गोळ्यांऐवजी साधी धातूची नळी) असेल तर शेजारच्या तेल धरणाऱ्या नमद्यावर शिलाई यंत्राच्या तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात. जास्तीचं तेल कम्युटेटरवर जातं आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

नवी वायर तीन तारांची घ्या आणि धातूच्या अंगाला अर्थिंग द्या. सुती वेष्टणाची नवी वायर मिळते, ती जुन्या यंत्रावर शोभते. यंत्रावरच्या पाटीवरचे व्होल्ट वाचा. ही मोटर एसी-डीसी दोन्हींवर चालते, त्यामुळे 50 की 60 हर्ट्झ याची फिकीर नको. पण 110 व्होल्टचं यंत्र 230 वर लावलं की संपलं. त्याला पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर हवा. पहिल्यांदा चालवताना यंत्राच्या सिरीजमध्ये, म्हणजे वीज आधी बल्बातून मग यंत्रात जाईल असा, शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब जोडा. बल्ब पूर्ण तेजाने पेटला आणि मोटर हललीच नाही, तर आत शॉर्ट असू शकतो. पंखा काढलेल्या मोटरीला पूर्ण व्होल्टेज देऊ नका. भार नसला की तिचा वेग भलताच वाढतो.

बाहेरचं रूप मी शेवटी हाती घेते, आणि थोडंच. ॲल्युमिनियमला कॉस्टिक सोडा लावू नका, तो धातू खातो. साबणाचं कोमट पाणी, मग धातूचं पॉलिश, तेही मूळचा भाग चकचकीत असेल तरच. पाटीच्या किंवा पट्टीच्या कडेला मूळ रंग टिकलेला असतो, तो बघून ठरवा. बेकलाइट (जुनं कडक प्लास्टिक) भिजत घालू नका आणि घासू नका. ओल्या फडक्याने पुसून मेण चढवा. हँडलला जिथे हात लागून रंग गेलाय तिथे मी नवा रंग देत नाही. कुणीतरी वर्षानुवर्षं तिथे धरून घर झाडलंय, ते पुसायचा मला अधिकार नाही.

छापील नाव असलेली मूळ कापडी पिशवी धुऊ नका. आटते आणि छाप जातो. ती वेगळी ठेवा आणि तिच्यावरून वापरायची पिशवी शिवून घ्या. आडव्या यंत्रांत पिशवीतून गाळलेली हवा मोटरीवरून जाते, म्हणून पिशवीशिवाय यंत्र क्षणभरही चालवू नका.

यंत्र महिनोन्‌महिने ठेवायचं असेल तर पट्टा काढून ठेवा, नाहीतर त्याला बाक येतो. होज खिळ्याला न टांगता मोठ्या गोल आधारावर गुंडाळा. आणि अधूनमधून पाच मिनिटं चालवा, म्हणजे तेल फिरतं राहतं.