विसरलेले गुण आणि जुनी कामगिरी पुन्हा कशी शोधावी

‘मला काहीच धड येत नाही’ असं वाटतं, तेव्हा बहुतेकदा येत नसतं असं नाही, आठवत नसतं. मन खट्टू असलं की आठवणीही तशाच वर येतात. त्यामुळे भांडण झाल्यावर किंवा रात्री थकून आल्यावर हे काम करायला बसू नका. झोप पुरी झालेली आणि डोकं शांत असेल अशी ४० मिनिटं काढा.

१. आधी पुरावे, मग आठवणी

जुन्या वह्या, प्रमाणपत्रं, फोटो, कुणी आभार मानलेले संदेश, अर्धवट राहिलेली चित्रं, हिशेबाच्या डायऱ्या असं सगळं एका जागी आणा. नुसतं डोळे मिटून आठवायला बसलं की मन शेवटचं अपयश पुढे करतं. कागद मात्र घडलं तेच दाखवतो.

२. आयुष्याचे पाच-पाच वर्षांचे तुकडे पाडा

प्रत्येक तुकड्यासाठी एक पान घ्या आणि त्यावर तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. लोक मला कोणत्या कामासाठी हाक मारायचे? काय करताना वेळेचं भान सुटायचं? आधी जमत नव्हतं आणि नंतर जमलं, असं काय होतं?

तिसऱ्या प्रश्नावर जास्त वेळ द्या. पोहायला शिकणं, आजारी माणसाची महिनोन्‌महिने शुश्रूषा करणं, नापास झालेल्या विषयात पुन्हा बसून पास होणं, या गोष्टींना बक्षीस मिळत नाही. म्हणूनच त्या सर्वांत आधी विसरल्या जातात.

३. सहावर थांबा

इथे बरेच जण चुकतात. यादी जितकी लांब तितका आत्मविश्वास जास्त, असं त्यांना वाटतं. मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट श्वार्त्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना ते ठामपणे वागल्याचे ६ प्रसंग आठवायला सांगितले, काहींना १२. बारा आठवणाऱ्यांनी स्वतःला कमी ठाम ठरवलं. सातव्या-आठव्या प्रसंगाशी अडखळलं की ‘एवढं कठीण जातंय म्हणजे मी तसा नसणारच’ असा निष्कर्ष मन काढतं. म्हणून आधी लिहिलेल्या पानांवरून आपल्याला काही जमल्याचे सहा प्रसंग नक्की करा. बाकीचे आपोआप आठवतील तेव्हा लिहा.

४. विशेषण खोडा, क्रियापद लिहा

‘मी चांगली वक्ता आहे’ हे मनाला पटत नाही. ‘दीडशे लोकांसमोर आठ मिनिटं कागद न बघता बोलले’ हे नाकारता येत नाही. स्वतःची नुसती स्तुती घोकणं उलटू शकतं. मानसशास्त्रज्ञ जोआन वुड यांच्या २००९ च्या अभ्यासात, मुळात आत्मसन्मान कमी असलेल्यांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हटल्यावर जास्तच वाईट वाटलं होतं.

प्रत्येक प्रसंग तीन ओळींत मांडा: अडचण काय होती, मी नेमकं काय केलं, त्यातून काय झालं. ‘ते नशिबाने झालं’ असं मन म्हणेलच. नशिबाचा वाटा चौथ्या ओळीत खुशाल लिहा, पण दुसरी ओळ खोडू नका.

५. दोघा-तिघांना विचारा

‘माझ्यात चांगलं काय आहे?’ असं विचारलं तर ‘तू फार प्रेमळ आहेस’ यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही. त्याऐवजी विचारा, ‘मी केलेल्या एखाद्या कामाचा तुला उपयोग झाला होता का? कोणत्या?’

६. एकच निवडा आणि हात चालवा

यादी करून ठेवून दिली तर महिनाभरात तिचा असर ओसरतो. ‘मला जमतं’ हा विश्वास सर्वांत पक्का होतो तो स्वतः करून पाहिल्यावर, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्येच मांडलं होतं. सहा प्रसंगांपैकी एकात दिसलेला गुण घ्या आणि त्याचा सराव करा. आठवड्यातून तीनदा, दर वेळी २० मिनिटं, चार आठवडे.

पहिले दोन-तीन दिवस वाईट जातील. कान किंवा डोळ्यांना जुनी पातळी आठवत असते, पण बोटांची सवय मोडलेली असते. यातच पुष्कळांचा धीर सुटतो. म्हणून पूर्वी जिथे सोडलं होतं त्याच्या बरंच खालून सुरुवात करा: वाजवत असाल तर सर्वांत सोपी धून, काढत असाल तर तळहाताएवढं चित्र. तुलना जुन्या दिवसांशी नको, आजच्या पहिल्या दिवसाशी करा. त्यासाठी त्या दिवसाचं ध्वनिमुद्रण किंवा फोटो ठेवा. विसरलेलं पुन्हा शिकायला पहिल्या वेळेपेक्षा कमी वेळ लागतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली पाठांतराच्या प्रयोगांतून दाखवलं होतं.

एखाद्या गुणाला अपमानाची आठवण चिकटलेली असेल, तर तो आत्ता बाजूला ठेवा आणि दुसरा घ्या. सलग दोन आठवडे उदासी हटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर वहीवर थांबू नका, डॉक्टरांना भेटा. आणि जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडेही वाट पाहू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या.