स्टार खेळाडू हातचा का जातो? फुटबॉल क्लबांनी पगाररचनेत टाळायच्या चुका

मोठा खेळाडू क्लब सोडून गेला की चाहते एका वाक्यात विषय संपवतात: पैशासाठी गेला. कधी कधी ते खरंही असतं. पण अशी प्रकरणं मुळापासून पाहिली तर बहुतेक वेळा चूक वर्ष-दोन वर्षं आधीच झालेली असते, आणि ती खेळाडूची नसून क्लबच्या कार्यालयातली असते. कुणाचा करार कधी संपतो याकडे लक्ष नव्हतं, एकाला भलताच पगार देऊन ठेवला होता, किंवा जो मागत होता त्याला वेळेवर दिलं नव्हतं.

१५ डिसेंबर १९९५ ला युरोपियन न्यायालयाने बेल्जियमचा फुटबॉलपटू जाँ-मार्क बॉसमन याच्या बाजूने निकाल दिला, तेव्हापासून करार संपला की खेळाडू मोकळा असतो. त्याआधी करार संपल्यावरही जुना क्लब पैसे मागू शकायचा. आता शेवटच्या सहा महिन्यांत खेळाडू परदेशी क्लबशी पुढचा करार करून ठेवू शकतो आणि जुन्या क्लबला एक पैसाही मिळत नाही. खालच्या जवळपास सगळ्या चुका या एका नियमाशी येऊन भिडतात.

चूक पहिली: शेवटच्या वर्षापर्यंत वाट पाहणे

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, आणि तिचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे २०१७-१८ चं आर्सेनल. अलेक्सिस सांचेझ आणि मेसुत ओझिल, संघातले दोन सर्वांत मोठे खेळाडू, दोघांचेही करार २०१८ च्या उन्हाळ्यात संपणार होते. सांचेझने आदल्या मोसमात लीगमध्ये २४ गोल केले होते. ऑगस्ट २०१७ मध्ये मँचेस्टर सिटी त्याच्यासाठी सुमारे ६ कोटी पौंड मोजायला तयार होती, पण त्याच्या जागी आणायचा खेळाडू शेवटच्या दिवशी मिळाला नाही आणि व्यवहार फिसकटला. पाच महिन्यांनी आर्सेनलने त्याला मँचेस्टर युनायटेडला दिलं आणि बदल्यात हेन्रिख मखितारयान घेतला. रोख काहीच हाती आलं नाही.

खरी किंमत त्यानंतर मोजावी लागली. एक गेला म्हटल्यावर दुसरा जाऊन चालणार नव्हतं, आणि हे ओझिलच्या बाजूच्या लोकांना चांगलं ठाऊक होतं. काही दिवसांतच त्याने २०२१ पर्यंतचा नवा करार केला. पगार आठवड्याला साडेतीन लाख पौंड असल्याचं तेव्हा छापून आलं. २०२० च्या शरदात तोच ओझिल प्रीमियर लीग आणि युरोपा लीग, दोन्हींच्या खेळाडूंच्या यादीबाहेर होता, आणि पगार चालूच होता. दरम्यान २०१९ मध्ये ॲरन रॅमसी करार संपवून फुकट युव्हेंटसला गेला. म्हणजे कराराच्या तारखांकडे दुर्लक्ष झाल्याने एक खेळाडू अदलाबदलीत गेला, दुसऱ्याला घाबरून भरमसाट पगार द्यावा लागला आणि तिसरा तसाच निसटला.

उपाय साधा आहे, फक्त शिस्त लागते. करारात तीन वर्षं उरली असताना बोलणी सुरू करायची. दोन वर्षं उरली असताना निर्णय घ्यायचा: सही किंवा विक्री. एक वर्ष उरलं की क्लबच्या हातात देण्यासारखं काही राहत नाही. शिवाय मोठे करार एकाच उन्हाळ्यात संपू द्यायचे नाहीत. २०२५ मध्ये लिव्हरपूलच्या मोहम्मद सलाह, व्हर्जिल व्हॅन डाइक आणि ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड या तिघांचे करार एकदम संपत होते. पहिल्या दोघांनी एप्रिलमध्ये सह्या केल्या, पण २६ वर्षांचा, क्लबच्याच अकादमीत घडलेला अलेक्झांडर-अर्नोल्ड रिअल माद्रिदला गेला. रिअलला तो क्लब विश्वचषकात खेळवता यावा म्हणून करार संपण्याच्या महिनाभर आधी सोडल्याचे सुमारे १ कोटी युरो तेवढे मिळाले. त्या मोसमात लिव्हरपूल विजेता ठरला, म्हणून ही चूक फारशी कुणाला टोचली नाही. पण चूक ती चूकच.

आर्सेनलने मात्र धडा घेतला. २०२३ या एका वर्षात मार्टिनेली, साका, सलिबा आणि ओडेगार्ड या चौघांचे करार त्यांनी वेळेत वाढवले.

लवकर सही घेण्याचा हिशोब किती फायद्याचा असतो ते आकड्यांत पाहा. समजा, एक खेळाडू ६ कोटी पौंडांना पाच वर्षांच्या करारावर घेतला. हिशोबाच्या वहीत ही रक्कम पाच वर्षांवर विभागली जाते, म्हणजे दरवर्षी १ कोटी २० लाख. पगार आठवड्याला १ लाख, म्हणजे वर्षाला ५२ लाख. एकूण वार्षिक बोजा १ कोटी ७२ लाख. तीन वर्षांनी वहीत २ कोटी ४० लाख उरतात. आता करार आणखी दोन वर्षांनी वाढवला तर उरलेली रक्कम चार वर्षांवर पसरते, दरवर्षी ६० लाख. पगार थेट दुप्पट केला, आठवड्याला २ लाख, तरी वर्षाचे होतात १ कोटी ४ लाख. एकूण १ कोटी ६४ लाख. म्हणजे पगार दुप्पट करूनही वहीतला वार्षिक बोजा ८ लाखांनी कमी झाला. त्याच्याऐवजी तितक्याच किमतीचा आणि दोन लाखवालाच नवा माणूस आणला असता तर बोजा २ कोटी २४ लाखांवर गेला असता. अर्थात, हा वहीचा हिशोब झाला. रोख पगार दर महिन्याला जाणारच, त्यामुळे बँकेतली शिल्लक वेगळी तपासावी लागते.

चूक दुसरी: पगाराची उतरंड एकासाठी मोडणे, किंवा अजिबात न हलवणे

पगाररचना म्हणजे खेळाडूंचे चार-पाच स्तर: अकादमीतून नुकते आलेले, राखीव, नियमित खेळणारे, आणि ज्यांच्यावर संघ उभा आहे असे दोन-तीन जण. प्रत्येक स्तराला कमाल-किमान मर्यादा असते. बाहेरून आणलेला कुणी वरच्या मर्यादेच्याही कितीतरी वर बसवला की अडचण त्याच्या एकट्याच्या पगाराची राहत नाही. ड्रेसिंग रूममध्ये कुणाला किती मिळतात हे लपत नाही, एजंट एकमेकांशी बोलतात, आणि पुढच्या प्रत्येक बोलणीत तोच आकडा टेबलावर येतो. सांचेझ युनायटेडमध्ये त्या काळच्या सर्वांत मोठ्या पगारांपैकी एक घेऊन आला, लीगमध्ये मोजकेच गोल केले, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्याला इंटर मिलानला उसना द्यावा लागला. तो गेला, पण त्याच्यामुळे वर सरकलेली मर्यादा खाली आली नाही.

उलट बाजूची चूक रिअल माद्रिदने २००३ मध्ये केली, आणि माझ्या मते ती जास्त शिकवून जाते. क्लोद माकेलेले बचावाच्या पुढे उभा राहून झिदान, फिगो, रोनाल्डो यांना मोकळीक मिळवून देत होता. त्याच्या काळात रिअलने दोनदा स्पेनची लीग आणि २००२ ची चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकली. पण पगार होता त्या ताऱ्यांच्या तुलनेत बराच कमी. त्याने वाढ मागितली, अध्यक्ष फ्लोरेंतिनो पेरेझ यांनी नाकारली आणि तो चेल्सीला गेला. त्याच उन्हाळ्यात डेव्हिड बेकहॅम माद्रिदमध्ये आला होता. पुढच्या मोसमात रिअल लीगचे शेवटचे पाचही सामने हरलं आणि चौथ्या क्रमांकावर घसरलं. त्यांना पुढची लीग मिळाली ती थेट २००६-०७ मध्ये. इकडे चेल्सीने माकेलेलेसह २००५ आणि २००६ अशी सलग दोन वर्षं लीग जिंकली.

म्हणजे रचना हवी, पण खेळाडूचा स्तर ठरवताना त्याचे गोल आणि जर्सीची विक्री एवढंच पाहून चालत नाही. तो नसताना संघाचं काय होतं, हे प्रशिक्षकाला विचारायचं. दरवर्षी मोसम संपल्यावर स्तर नव्याने तपासायचे आणि जो वरच्या स्तराचं खेळतोय त्याने मागण्याआधीच त्याला वर न्यायचं. न मागता मिळालेली वाढ खेळाडू विसरत नाही. भांडून मिळवलेली वाढ मात्र तो पुढच्या भांडणाची सुरुवात समजतो.

चूक तिसरी: झालेल्या गोलांचे पैसे पुढे देणे

ऑगस्ट २०२० मध्ये आर्सेनलच्या पिएर-एमेरिक ऑबामेयांगने एफए कपच्या अंतिम सामन्यात चेल्सीविरुद्ध दोन्ही गोल केले. लीगमध्ये त्याचे २२ गोल झाले होते. चाहत्यांचा आग्रह, माध्यमांचा रेटा, आणि सप्टेंबरमध्ये ३१ वर्षांच्या कर्णधाराने तीन वर्षांचा करार केला. पुढच्या मोसमात लीगमधले गोल १० वर आले, डिसेंबर २०२१ मध्ये कर्णधारपद गेलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये करार मोडून तो फुकट बार्सिलोनाला गेला. तिशी ओलांडलेल्या खेळाडूला द्यायचंच असेल तर मुदत छोटी ठेवावी आणि पगाराचा मोठा भाग खेळलेल्या सामन्यांशी बांधावा. सलाहला ३२ व्या वर्षी लिव्हरपूलने दोनच वर्षं दिली, ती याच विचाराने.

चूक चौथी: चांगल्या वर्षाचं उत्पन्न कायमचं समजणे

लीड्स युनायटेड २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत पोहोचला. पुढेही दरवर्षी तिथे खेळू या भरवशावर कर्ज काढून खेळाडू आणि पगार वाढवले होते. पण लागोपाठ दोन वर्षं पात्रता हुकली. २००२ मध्ये रिओ फर्डिनंड विकला गेला. जानेवारी २००३ मध्ये रॉबी फाउलर मँचेस्टर सिटीला देताना तर त्याच्या पगाराचा काही भाग लीड्सनेच भरायचं ठरलं, कारण तेवढा पगार द्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. २००४ मध्ये क्लब खालच्या श्रेणीत गेला.

बार्सिलोनाची गोष्ट याहून मोठी आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये अध्यक्ष जोआन लापोर्ता यांनीच सांगितलं की पगारखर्च उत्पन्नाच्या १०३ टक्के झाला आहे. मेस्सी पगार निम्मा करायला तयार होता, तरी ला लीगाच्या, म्हणजे स्पेनच्या लीगच्या, खर्चमर्यादेत त्याची नोंदणी बसेना. आधीच्या काळात सढळ हाताने वाटलेले पगार आणि पुढे ढकललेली देणी यांनी जागाच उरू दिली नव्हती. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूला राहायचं होतं, क्लबला तो हवा होता, आणि तरी तो गेला. पगाररचना बिघडल्याचं याहून दुःखद उदाहरण मला माहीत नाही.

इथला उपाय करारातच लिहायचा असतो. चॅम्पियन्स लीग हुकली तर पगार अमुक टक्क्यांनी कमी, खालच्या श्रेणीत गेलो तर त्याहून कमी, पात्र ठरलो तर बोनस. युरोपीय फुटबॉलची संघटना युएफाने २०२५-२६ पासून खेळाडू व प्रशिक्षकांचे पगार, खरेदीचा वार्षिक हप्ता आणि एजंटांचे पैसे मिळून उत्पन्नाच्या ७० टक्क्यांची मर्यादा घातली आहे. शहाण्या क्लबाने अंदाजपत्रक करताना युरोपीय स्पर्धांचं उत्पन्न वगळूनच ही टक्केवारी काढून पाहावी.

चूक पाचवी: रिलीज क्लॉज घाईत लिहिणे

सही मिळवण्यासाठी क्लब पगाराऐवजी रिलीज क्लॉज देतात, म्हणजे ठरलेली रक्कम दुसऱ्या क्लबने दिली की खेळाडूला जाऊ देण्याची अट, आणि तो चुकीच्या वेळी अंगावर येतो. एप्रिल २०१३ मध्ये बायर्न म्युनिकने डॉर्टमुंडच्या मारिओ गोत्झेचा ३ कोटी ७० लाख युरोंचा क्लॉज वापरल्याची बातमी डॉर्टमुंडच्या रिअलविरुद्धच्या उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी फुटली. डॉर्टमुंडला काही करता येत नव्हतं. त्याच उन्हाळ्यात आर्सेनलने लिव्हरपूलच्या लुइस सुआरेझसाठी ४ कोटी पौंड आणि वर १ पौंड अशी बोली लावली, आणि लिव्हरपूलला क्लॉजच्या शब्दांवरून वाद घालावा लागला. क्लॉज द्यायचाच तर तो कोणत्या तारखांमध्ये चालेल, रक्कम एकरकमी की हप्त्यांनी, आणि ती दिली म्हणजे खेळाडू थेट जातो की फक्त बोलणी सुरू होतात, हे निःसंदिग्ध लिहा.

चूक सहावी: जाणाऱ्याला हिशोब न करता अडवून धरणे

रॉबर्ट लेवांडोव्स्कीला २०१३ मध्ये डॉर्टमुंडने विकलं नाही आणि २०१४ मध्ये तो फुकट बायर्नला गेला. त्या शेवटच्या मोसमात त्याने लीगमध्ये सर्वाधिक २० गोल केले आणि डॉर्टमुंड दुसरं आलं. मला तो निर्णय पूर्ण चुकीचा वाटत नाही, कारण गमावणार किती आणि मिळवणार काय हे क्लबला माहीत होतं. चूक तेव्हा होते, जेव्हा क्लब नुसत्या आशेवर वर्ष घालवतो.

लिव्हरपूलने फिलिपे कुटिन्योबाबत नेमकं उलट केलं. जानेवारी २०१७ मध्ये, आधीच्या कराराची बरीच वर्षं शिल्लक असताना, त्याच्याकडून नव्या दीर्घ करारावर सही घेतली, रिलीज क्लॉज न ठेवता. त्यामुळे ऑगस्टमध्ये बार्सिलोनाच्या बोल्या येत होत्या आणि खेळाडूने स्वतः सोडण्याचा अर्ज दिला होता, तरी क्लबला नाही म्हणता आलं. जानेवारी २०१८ मध्ये विकला तो १० कोटी युरोंहून बऱ्याच जास्त किमतीला. त्याच महिन्यात व्हॅन डाइक आला, उन्हाळ्यात गोलरक्षक ॲलिसन. २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग आली आणि २०२० मध्ये तीस वर्षांनी लीगचं विजेतेपद.