उड्डाणात अँटी-आइस दगा देतं तेव्हा: या चुका टाळा

वैमानिक व्हायला निघालेल्या सातारा-सांगलीकडच्या पोरांना आयसिंगचा, म्हणजे उडत्या विमानावर बर्फ धरण्याचा, धडा परीक्षेपुरता वाटतो. उसाच्या फडावर कसला आलाय बर्फ? पण जरा हिशेब मांडा. उंचीवर दर हजार फुटांना तापमान साधारण २ अंशांनी उतरतं. पावसाळ्यात महाराष्ट्रावर शून्य अंश लागतो तो १६ ते १८ हजार फुटांच्या आसपास, आणि तिथले ढग पाण्याने गच्च भरलेले असतात. प्रॉपेलरच्या एटीआर प्रवासी विमानाची कमाल उंची २५ हजार फूट. म्हणजे उद्या एटीआरवर नोकरी लागली, तर जुलैभर तुमचा मुक्काम नेमका त्याच पट्ट्यात.

अँटी-आइस, म्हणजे विमानावर बर्फ साचू न देणारी यंत्रणा, हवेत दगा देते तेव्हाच्या चुका खाली लिहिल्यात, त्या डोक्यात चित्र तयार व्हावं म्हणून. कॉकपिटात शेवटचा शब्द तुमच्या विमानाच्या चेकलिस्टचा.

कार्ब हीट लावून लगेच काढणं

कार्बोरेटरमधल्या बर्फाला १६ हजार फूट लागत नाहीत, तो कराडच्या धावपट्टीभोवती सर्किट मारतानाही भेटतो. जुन्या सेसना १५२ किंवा १७२ या छोट्या विमानांमध्ये हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर असतो. तिथे पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद घशातून जाताना तापमान २० अंशांहूनही जास्त घसरू शकतं. बाहेर २२ अंश, पावसाने नुकतीच उघडीप दिलेली, कृष्णाकाठची दमट हवा, आणि तुम्ही थ्रॉटल (पॉवरचा दांडा) मागे घेऊन उतरताय: बर्फ धरायला आणखी काही लागत नाही. ढगात शिरायचीसुद्धा गरज नाही.

आरपीएम, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या, हळूच उतरतो. पोरगं थ्रॉटल बोटभर पुढे सारतं आणि विसरतं. पुन्हा उतरतो, पुन्हा सारतं. खरं तर पहिल्याच वेळी कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा देणारा नॉब) पूर्ण ओढायला हवी. ओढली की आरपीएम आणखी पडतो, कारण गरम हवा विरळ असते. मग इंजिन खडखडायला लागतं, कारण वितळलेलं पाणी सिलिंडरमध्ये जात असतं. नेमक्या याच वेळी घाबरून हात नॉब परत आत ढकलायला जातो. ढकलू नका, तेवढी खडखड सोसा. बर्फ सुटला की आरपीएम चढायला लागतो. अर्धवट हीट लावून मध्यममार्ग काढायलाही जाऊ नका. कार्बोरेटरचं तापमान दाखवणारा काटा नसेल, तर अर्धवट हीटने उलट बर्फ धरू शकतो.

बंद पडलेल्या यंत्रणेशी झटत बसणं

माझ्या मते सगळ्यात घातक चूक ही. फॉल्टचा दिवा लागला की दोघंही वैमानिक त्या स्विचकडे बघत बसतात. बंद करून बघ, चालू करून बघ, पुन्हा एकदा कर. तेवढ्या वेळात विमान बर्फातच उडत असतं. ९ ऑगस्ट २०२४ ला ब्राझीलमध्ये व्होएपास कंपनीचं एटीआर ७२ पडलं आणि ६२ जण गेले. प्राथमिक अहवालानुसार त्या उड्डाणात एअरफ्रेम डी-आयसिंगच्या (साचलेला बर्फ काढणाऱ्या यंत्रणेच्या) फॉल्टचा इशारा आला होता, यंत्रणा पुन्हापुन्हा चालू-बंद झाली होती आणि खूप बर्फ असल्याचं सहवैमानिक बोलला होता.

रीसेट चेकलिस्ट सांगेल तेवढाच. पहिलं काम आयसिंगमधून बाहेर पडणं: खाली, वर किंवा आल्या वाटेने मागे. आपल्या भागात यातली एक वाट बहुतेक वेळा मोकळी असते. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही जेमतेम ५,४०० फूट. १८ हजारांवर बर्फ धरला तर १२ हजारांवर ऊब आहे आणि त्याखालीही डोंगर अजून बराच दूर आहे. हिमालयावर उडणाऱ्याला ही चैन नाही. फक्त खाली जाताना क्युम्युलोनिंबस, म्हणजे गडगडाटी वादळी ढगाच्या पोटात शिरू नका. एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) ‘आयसिंगमुळे खालची उंची हवी’ असं सरळ सांगा. पॅन-पॅन (रेडिओवरचा तातडीचा इशारा) म्हणायला लाजायचं कारण नाही.

पंखांच्या पुढच्या कडेला रबरी बूट, म्हणजे हवेने फुगून बर्फ फोडणाऱ्या पट्ट्या, असलेल्या विमानांबद्दल एक जुना समज अजून ऐकू येतो, की बर्फ थोडा जाड होऊ द्यावा आणि मग बूट फुगवावेत. अमेरिकेत विमान अपघात तपासणाऱ्या एनटीएसबीने २००८ मध्येच याउलट सांगितलंय: आयसिंगमध्ये शिरताच बूट चालू करा.

वेगाच्या काट्यावर डोळे मिटून विश्वास

समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग कळतो ती पिटो नळी. तिला गरम ठेवणारी पिटो हीट गेली आणि नळीचं तोंड बर्फाने बुजलं, पण पाणी निथळायचं भोक उघडं राहिलं, तर काटा शून्याकडे जातो. ते लगेच कळतं. दोन्ही बुजले तर पंचाईत, कारण मग वेगाचा काटा उंचीच्या काट्यासारखा वागतो. विमान वर चढेल तसा तो वाढीव वेग दाखवतो. वैमानिकाला वाटतं वेग फार झाला, म्हणून तो नाक आणखी वर करतो. १ डिसेंबर १९७४ ला न्यूयॉर्कहून निघालेल्या नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या बोइंग ७२७ मध्ये हेच झालं. तिघंही गेले. तिथे हीटर बिघडले नव्हते, लावलेच नव्हते.

१ जून २००९ च्या एअर फ्रान्स ४४७ मध्ये पिटो नळ्या बर्फाच्या कणांनी बुजल्या, त्या मिनिटाच्या आत मोकळ्याही झाल्या. पण तोवर नाक वर ओढून विमान स्टॉलकडे (पंखांची उचल तुटण्याकडे) नेलं गेलं होतं, आणि २२८ जण गेले. वेगावर शंका आली की नाकाचा कोन आणि पॉवर ठरावीक जागी आणून सोडा. ते आकडे आपल्या विमानासाठी आधीच पाठ हवेत.

उड्डाणाआधी पिटो हीट चालू करून विजेचा प्रवाह मोजणाऱ्या अ‍ॅमीटरचा काटा हलतो का बघा. नळीला बोट लावायचं तर निसटतं लावा, ती चांगलीच भाजते.

जेटवर जाणाऱ्यांसाठी एवढंच: तापमान १० अंश किंवा खाली आणि समोर ढग, पाऊस किंवा धुकं असेल, तर इंजिन अँटी-आइस आधी लावायचं, बर्फ दिसल्यावर नव्हे.

ऑटोपायलटवर भिस्त

बर्फ साचतो तसा ऑटोपायलट गुपचूप ट्रिम देत (तोल सावरून घेत) राहतो, आणि त्याच्या आवाक्याबाहेर गेलं की एकदम हात काढून घेतो. ३१ ऑक्टोबर १९९४ ला अमेरिकेत रोझलॉनजवळ एटीआर ७२ असंच अचानक एका बाजूला कलंडलं. ६८ जण गेले. तिथे बूट चालू होते, बर्फ बुटांच्या मागे साचला होता. म्हणजे हिरवा दिवा आहे म्हणून पंख स्वच्छ आहे असं समजू नका. स्टिकचा भार हाताला कळू द्या.

उतरताना वेग चेकलिस्टप्रमाणे वाढवा आणि तेवढी लांब धावपट्टी निवडा. शेपटीवर बर्फ असल्याची शंका असेल तर पूर्ण फ्लॅप टाळा.

खाली आल्यावर यंत्रणा मुकाट चालू लागली तरी टेक लॉगमध्ये (विमानाच्या बिघाडांच्या नोंदवहीत) लिहा: उंची, बाहेरचं तापमान, ढगात होतो की बाहेर, दिवा किती वेळ होता. हँगरमध्ये २८ अंशांना हीटरची तार मीटरवर नीट वाजते, ‘दोष आढळला नाही’ अशी सही होते आणि तेच विमान दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी हाती जातं. या चार नोंदी समोर असल्या तर इंजिनिअर निदान कनेक्टर उघडून ओल बघतो.