इंडेक्स गुंतवणुकीसाठी ब्रोकर कसा निवडावा? बेळगाव, निपाणी, खानापूरकरांसाठी

पगारातून किंवा ऊसबिलातून निफ्टी ५० मध्ये (पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअर्सचा निर्देशांक, म्हणजेच इंडेक्स) पैसे टाकायचे आणि पंधरा-वीस वर्षं हात लावायचा नाही, एवढाच बेत असेल तर आधी हे ठरवा: ब्रोकर लागतोय का? इंडेक्स म्युच्युअल फंड थेट फंड कंपनीच्या वेबसाइटवर घेता येतो, डीमॅटशिवाय (डीमॅट म्हणजे शेअर, युनिट्स ठेवायचं इलेक्ट्रॉनिक खातं). ईटीएफ (शेअर बाजारात शेअरसारखा घेता-विकता येणारा फंड) घ्यायचा असेल तर मात्र डीमॅट हवंच.

ब्रोकरचा नोंदणी क्रमांक ‘आयएनझेड’ने (INZ) सुरू होतो, सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था) वेबसाइटवर तो शोधून बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून अ‍ॅप घेऊ नका. कुणाच्या वैयक्तिक खात्यावर तर पैसे पाठवूच नका, मग तो भावकीतला का असेना.

आता खर्च. जाहिरातीत ब्रोकरेजचा गाजावाजा असतो, पण वर्षातून चार-पाचदा खरेदी करणाऱ्याला त्याचं काय? वार्षिक देखभाल शुल्क बघा, ते काही न करताही कापलं जातं. खातं उघडताना ‘बेसिक सर्व्हिसेस’ डीमॅट मागा. ४ लाखांपर्यंतच्या होल्डिंगला त्यात हे शुल्क नाही. ४ ते १० लाखांना वर्षाला १०० रुपये, वर जीएसटी. अट अशी की तुमच्या नावावर एकच डीमॅट हवं. आयपीओच्या नादात बँकेत काढलेलं जुनं खातं पडून असेल, तर आधी ते बंद करा.

अ‍ॅपवर फंड घेताना ‘डायरेक्ट’ (मध्यस्थाचं कमिशन नसलेला प्रकार) निवडा, ‘रेग्युलर’ (कमिशन धरलेला) नको. समजा डायरेक्टचा खर्च ०.२ टक्के आणि रेग्युलरचा ०.६, तर ५ लाखांवर वर्षाला २,००० रुपयांचा फरक. ब्रोकरेजवरून घासाघीस करण्यापेक्षा इथे लक्ष द्या.

शाखा कोल्हापूरची की बेळगावची, याचा विचार नको. १ जुलै २०२० पासून शेअर खरेदीची स्टॅम्प ड्युटी देशभर सारखीच आहे. आपल्याकडे खरं घोडं अडतं ते नावात: आधारवर नुसतं इनिशियल, पॅनवर वडिलांचं अख्खं नाव. केवायसीला बसण्याआधी दोन्ही जुळवून घ्या, मोबाइल नंबर आधारला जोडलेला आहे ना तेही बघा. नॉमिनी त्याच वेळी भरा.

फ्युचर्स-ऑप्शन्सचा (भावाच्या चढउतारावरचे जोखमीचे सौदे) पर्याय सुरू करू नका. जे अ‍ॅप रोज त्याचीच नोटिफिकेशनं पाठवतं, ते माझ्या मते या कामाचं नाही.

ईटीएफची युनिट्स ब्रोकरकडे नसतात, एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरींकडे (डीमॅटमधल्या शेअर-युनिट्सची नोंद ठेवणाऱ्या संस्था) तुमच्या नावावर असतात. त्यांच्याकडून ईमेलवर येणारं एकत्रित स्टेटमेंट अ‍ॅपवरच्या आकड्यांशी ताडून बघत जा.