पेमेंट गेटवे घेताना आधी अडकलेल्या पैशांचं विचारा

संत्रा बर्फी असो, सावजी मसाला असो की नागपूरच्या गांधीबागेतल्या साड्या, वेबसाइट उभी राहिली की पहिला प्रश्न येतो, ‘कोणता गेटवे स्वस्त पडेल?’ गेटवे म्हणजे वेबसाइटवर गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊन देणारी सेवा. प्रश्न रास्त आहे, पण तो पहिला नाही. लहान दुकानाला दोन कंपन्यांच्या दरातला फरक महिन्याला काही हजारांचा पडतो. ऐन दिवाळीत सेटलमेंट (कंपनीकडून तुमच्या खात्यात पैसे येणं) थांबलं, किंवा गिऱ्हाइकाचे पैसे कटले आणि तुमच्याकडे ऑर्डरच दिसली नाही, तर नुकसान त्याच्या कितीतरी पट होतं. म्हणून कंपनीच्या माणसाशी बोलताना दराआधी हे विचारा: पैसे अडकले तर ते कुठे असतात, किती दिवस असतात, आणि कोणाला फोन करायचा?

दिवसाला चार-पाचच ऑर्डर येत असतील तर गेटवेची घाई करू नका. बँकेचा मर्चंट क्यूआर आणि पेमेंट लिंक पुरते. मात्र घरच्या यूपीआय आयडीवर पैसे घेऊन व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट मागायची पद्धत आजच बंद करा. खोटा स्क्रीनशॉट बनवायला दोन मिनिटं लागतात. पैसे आले की नाही ते खात्यात बघायचं, फोटोत नाही.

परवाना बघा

गिऱ्हाइकाचे पैसे आधी आपल्याकडे घेऊन मग तुम्हाला देणारी कंपनी म्हणजे पेमेंट अ‍ॅग्रिगेटर. नुसती तांत्रिक जोडणी देणारा तो गेटवे. बोलताना आपण दोघांनाही गेटवेच म्हणतो, पण कायद्याला फरक आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बिगर-बँक अ‍ॅग्रिगेटरला परवानगी लागते, अर्ज करताना किमान १५ कोटींची नेटवर्थ लागते, आणि तुमचे पैसे बँकेतल्या एस्क्रो खात्यात (फक्त याच कामासाठी वेगळं ठेवलेलं खातं) ठेवावे लागतात. कंपनी बुडाली तरी ते पैसे तिच्या इतर धंद्यात मिसळलेले नसावेत, हा त्यामागचा हेतू. परवानगी मिळालेल्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर असते. तिथे नाव सापडत नसेल तर दर कितीही गोड असला तरी पुढे जाऊ नका. ‘आम्ही अमुक कंपनीचे पार्टनर आहोत’ असं कुणी म्हणालं, तर करार नेमका कोणाशी होणार आणि खात्यात पैसे कोणाच्या नावाने येणार, हे लेखी घ्या.

दराचा हिशेब आपल्या ऑर्डरवर मांडा

जाहिरातीतला ‘२ टक्के’ सगळ्यांना सारखा लागू पडत नाही. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर एमडीआर (व्यवहारामागे दुकानदाराकडून कापली जाणारी फी) शून्य आहे. बाकीच्या डेबिट कार्डांवर २०१८ पासून कमाल मर्यादा आहे: वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर ऑनलाइन व्यवहारावर ०.४० टक्के, त्यावर असेल तर ०.९० टक्के. क्रेडिट कार्डावर अशी मर्यादा नाही, म्हणून खरी घासाघीस तिथे होते. आता गंमत बघा. यूपीआयवर एमडीआर नसला तरी काही कंपन्या ‘प्लॅटफॉर्म फी’ म्हणून त्यावरही सरसकट तोच टक्का लावतात. नागपुरात यूपीआयवर पैसे देणारं गिऱ्हाइक जास्त असेल, तर सगळा हिशेब या एका ओळीवर फिरतो.

समजा महिन्याला ४०० ऑर्डर, सरासरी ६५० रुपयांची. उलाढाल झाली २,६०,००० रुपये. त्यात यूपीआय ७० टक्के, डेबिट कार्ड १०, क्रेडिट कार्ड १५, नेटबँकिंग ५.

पहिली कंपनी सगळ्यावर सरसकट २ टक्के घेते. फी ५,२००, त्या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ९३६, एकूण ६,१३६ रुपये.

दुसरी कंपनी यूपीआयवर काही घेत नाही. डेबिटला ०.९ टक्के (२३४ रुपये), क्रेडिटला २.२ टक्के (८५८), नेटबँकिंगला दर व्यवहारामागे १५ (२० ऑर्डरचे ३००), वर महिन्याचं भाडं ५००. बेरीज १,८९२, जीएसटी धरून साधारण २,२३३ रुपये.

क्रेडिट कार्डाचा दर जास्त आणि वर भाडं, तरीही दुसरी कंपनी एक तृतीयांशाच्या आसपास खर्चात पडते. पण व्यवहारामागे ठरावीक रक्कम असेल तिथे सावध राहा. ९० रुपयांच्या मसाल्याच्या पाकिटावर ३ रुपये म्हणजे ३.३३ टक्के झाले. साड्यांच्या दुकानाचं गणित वेगळं. तिथे ऑर्डर मोठी, क्रेडिट कार्ड जास्त, आणि ईएमआय नसेल तर गिऱ्हाईक निघून जातं. म्हणून आधी क्रेडिट कार्डाचा दर आणि ईएमआयचे पर्याय बघा.

फीवरच्या जीएसटीचं क्रेडिट (तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजावट) मिळतं, पण गेटवेच्या प्रोफाइलमध्ये तुमचा जीएसटी नंबर बरोबर भरलेला असेल तरच. नंबर राहून गेला तर ते बिल तुमच्या २बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरचं क्रेडिटचं विवरण) येतच नाही, आणि हे बहुधा मार्चमध्ये सीए सांगतो. कंपोझिशनमध्ये (लहान दुकानांची सोपी जीएसटी योजना) असाल तर क्रेडिट नाहीच. जीएसटीसकट आकडा हाच तुमचा खरा खर्च.

दुकान शॉपिफायवर (ऑनलाइन दुकान उभारून देणारी सेवा) असेल तर आणखी एक ओळ जोडा. बाहेरचा गेटवे वापरल्याबद्दल शॉपिफाय प्लॅननुसार स्वतःचा टक्का वेगळा कापतं. वूकॉमर्सवर (वर्डप्रेस वेबसाइटवरचं दुकान) तसं काही नाही, फक्त प्लगइन गेटवे कंपनीने स्वतः काढलेलंच घ्या.

पैसे कधी येतात, आणि कधी येत नाहीत

टी+२ म्हणजे व्यवहारानंतर दोन कामाचे दिवस. शुक्रवारी संध्याकाळी आलेले पैसे, मधला शनिवार दुसरा किंवा चौथा असेल तर, मंगळवारी दिसतात. कळमन्याच्या बाजारात संत्री रोखीने उचलणाऱ्याला हे चार दिवस जड जातात. लवकर सेटलमेंटची सोय बऱ्याच कंपन्या देतात, पण तिची फी वेगळी असते. ती रोज लागणार असेल तर वरच्या हिशेबात धरा.

सेटलमेंट थांबण्याचं नेहमीचं कारण फसवणूक नसतं, अचानक वाढलेली उलाढाल असते. खातं उघडताना तुम्ही ‘महिन्याला एक लाख’ लिहिलं आणि आंबिया बहाराची संत्री येताच आठवड्यात तीन लाख जमा झाले, की कंपनीच्या जोखीम विभागाचा दिवा लाल होतो. पैसे रोखले जातात आणि बिलं मागवली जातात. म्हणून अर्जात हंगामातला सर्वांत मोठा महिना लिहा. एका व्यवहाराची कमाल मर्यादाही तपासा. ती १०,००० वर असेल तर लग्नाच्या डब्यांची ६०,००० ची ऑर्डर पेमेंटच्या पानावरच अडकेल, आणि गिऱ्हाइकाला फक्त ‘पेमेंट फेल’ दिसेल. हंगामाच्या दोन आठवडे आधी कंपनीला ईमेल करून अंदाज कळवा. ईमेलच करा, फोनवर बोललेलं कुणाला आठवत नाही.

कागदपत्रं परत येतात ती कशामुळे

पॅन, करंट खात्याचा रद्द केलेला चेक, जीएसटी प्रमाणपत्र किंवा उद्यम नोंदणी, गुमास्ता, आणि खाण्याची वस्तू असेल तर एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) नंबर. कागद कमी पडला म्हणून अर्ज परत येतो त्यापेक्षा नाव जुळलं नाही म्हणून जास्त वेळा येतो. पॅनवर एक नाव, चेकवर दुसरं स्पेलिंग, वेबसाइटवर तिसराच ब्रँड. वेबसाइटच्या तळाशी कायदेशीर नाव, पत्ता, फोन लिहा. अटी, प्रायव्हसी, रिफंड आणि डिलिव्हरीची पानं खरी भरा. दुसऱ्याची पानं कॉपी करताना त्याच्याच शहराचं नाव तसंच राहिलेलं तपासणाऱ्याला लगेच दिसतं. वेबसाइट ‘लवकरच येत आहे’ अवस्थेत असेल तर अर्ज करूच नका.

गिऱ्हाइकाच्या बँक स्टेटमेंटवर कोणतं नाव उमटेल हेही याच वेळी ठरवून घ्या. बर्फी ‘ऑरेंज’ नावाने विकता आणि स्टेटमेंटवर मालकाच्या आडनावाची ‘ट्रेडर्स’ दिसते, तर महिन्याने गिऱ्हाईक ‘हे पैसे कुणी काढले?’ म्हणून बँकेत तक्रार करतं. निम्मा वाद नावाचा असतो.

जोडणी: इथेच पैसे हरवतात

एक गिऱ्हाईक बर्डीवरून (सीताबर्डी) घरी जाताना बसमध्ये बसून ऑर्डर करतंय. यूपीआय अ‍ॅप उघडलं, पिन टाकला, पैसे गेले, आणि परत ब्राउझरकडे येईपर्यंत नेटवर्क गेलं. तुमचं ‘धन्यवाद’ पान उघडलंच नाही. ऑर्डर पक्की करणं त्या पानावर अवलंबून ठेवलं असेल, तर पैसे गेटवेकडे आणि ऑर्डर ‘पेंडिंग’मध्ये. गिऱ्हाईक पुन्हा पैसे भरतं. आता दोनदा कटले.

यावर उपाय वेबहुक: पेमेंट झालं की गेटवेचा सर्व्हर थेट तुमच्या सर्व्हरला कळवतो, गिऱ्हाइकाचा फोन चालू असो की बंद. तो लावताना नेहमी होणाऱ्या चुका अशा:

- वेबहुक खरंच गेटवेकडून आला याची खूण म्हणजे त्याची डिजिटल सही. ती तपासताना मूळ मजकूर बाइट न बाइट तसाच लागतो. वेबसाइटच्या फ्रेमवर्कने आधी जेसॉन (ज्या साच्यात माहिती येते तो) उलगडून परत बांधला की सही जुळत नाही, आणि वैतागून डेव्हलपर तपासणीच काढून टाकतो. मग कुणीही खोटा वेबहुक पाठवून बर्फी मागवू शकतं.
- तोच वेबहुक दोन-तीनदा येऊ शकतो. त्याचा इव्हेंट आयडी (त्या घटनेचा क्रमांक) साठवा, आलेला असेल तर दुर्लक्ष करा.
- आधी २०० (‘पोचलं’ असा कोड) उत्तर द्या, ईमेल-एसएमएसची कामं नंतर. उशीर झाला तर गेटवे समजतो पोचलंच नाही.
- फायरवॉल गेटवेच्या सर्व्हरला ४०३ (‘प्रवेश नाही’ असा कोड) देऊन परत पाठवतो. डॅशबोर्डवर अयशस्वी वेबहुकची यादी असते, आठवड्यातून एकदा बघा.

रक्कम ब्राउझरकडून घेऊ नका, सर्व्हरवर ऑर्डर बनवून तिथूनच पाठवा, आणि परत आलेली रक्कम तिच्याशी ताडून बघा. रेझरपेसारख्या काही कंपन्या रक्कम पैशांत मागतात, ४९९ रुपयांना ४९९००. कॅशफ्री रुपयांत घेते. गेटवे बदलताना हा शंभरचा गुणाकार राहिला की एका दिवसात कळतं, पण महागात कळतं. वेबहुकही चुकतो, म्हणून दर १५ मिनिटांनी पेंडिंग ऑर्डरींची स्थिती गेटवेला विचारणारं एक छोटं काम सर्व्हरवर लावा.

कार्डाचे नंबर आपल्याकडे साठवायचा विचारही नको. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला तो अधिकारच नाही. कार्ड ‘सेव्ह’ करायचं तर टोकन, म्हणजे नंबराऐवजी वापरायचा पर्यायी कोड.

रिफंड आणि चार्जबॅक

रिफंड केला तरी गेटवेची मूळ फी बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही, हे करारात वाचा. रिफंड बहुधा न मिळालेल्या सेटलमेंटच्या शिलकीतून कापला जातो. शिल्लक शून्य असेल तर तो रांगेत पडून राहतो, आणि तुम्हाला वाटतं झाला. पैसे कटून दुकानाला पोचलेच नाहीत अशा यूपीआय आणि ऑनलाइन कार्ड व्यवहारांना रिझर्व्ह बँकेने टी+५ दिवसांची मुदत घातली आहे, त्यापुढे गिऱ्हाइकाला दिवसाला १०० रुपये भरपाई. गिऱ्हाईक चिडून फोन करेल तेव्हा हेच सांगा, आणि व्यवहाराचा नंबर द्या.

ओटीपी टाकून झालेल्या कार्ड पेमेंटवरही ‘माल मिळालाच नाही’ असा चार्जबॅक (गिऱ्हाइकाने बँकेमार्फत पैसे परत मागणं) येतो. कुरिअरची पोच, बिल, पॅकिंगचा फोटो, गिऱ्हाइकाशी झालेला संवाद एका फोल्डरमध्ये ऑर्डर नंबरने ठेवा. उत्तर द्यायला मोजके दिवस असतात आणि मुदत चुकली की पैसे आपोआप जातात. नाशवंत मालाला हे जास्त लागतं. परदेशी कार्डं चालू करायची असतील, म्हणजे अमेरिकेतल्या मुलाने धरमपेठेतल्या आईला डबा पाठवायचा असेल, तर वेगळी परवानगी, साधारण ३ टक्क्यांच्या घरातला दर, आणि ओटीपीची खात्री नाही. पेपालने देशातल्या देशात पैसे घेणं १ एप्रिल २०२१ पासून बंद केलं आहे, तो पर्याय फक्त परदेशी गिऱ्हाइकासाठी.

चालू करण्याआधी

टेस्ट मोडवर सगळं हिरवं दिसतं, म्हणून लाइव्ह मोडवर स्वतःच्या पैशाने तपासा. १० रुपयांची एक वस्तू टाका. यूपीआयने भरा आणि पिन टाकल्यावर लगेच फोनचं नेट बंद करा. पाच मिनिटांनी ऑर्डर पक्की दिसली पाहिजे. मग क्रेडिट कार्डाने. मग चुकीचा पिन टाकून. मग एकाचा पूर्ण आणि एकाचा अर्धा रिफंड करा. शेवटी सेटलमेंट रिपोर्टमधला यूटीआर (बँक व्यवहाराचा) नंबर, बँकेत आलेली निव्वळ रक्कम आणि कापलेली फी पैशापर्यंत जुळवा. जुळत नसेल तर पहिल्या ऑर्डरच्या आधीच सपोर्टला लिहा, आणि उत्तर यायला किती तास लागले ते मोजा. चार दिवसांत उत्तर नाही आलं, तर यादीतल्या दुसऱ्या कंपनीचा अर्ज भरायला घ्या.