घरच्या बायोडिझेलसाठी पंप घेताना काय बघायचं

भज्यांच्या गाड्यांवरचं, हॉटेलातलं वापरलेलं तेल गोळा करून घरी बायोडिझेल करायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, पंप किती एचपीचा घेऊ? भाऊ, एचपी नंतर बघा. आधी हे बघा की आत तेल ज्या ज्या भागाला लागणार तो कशाचा आहे, कारण नुसतं तेल नाही, तेलाचं बायोडिझेल करायला त्यात मिसळतात ते मिथेनॉल (एक अल्कोहोल) अन कॉस्टिक सोडापण पंपातूनच फिरणार, अन त्यात पितळ, तांबं, जस्त, ॲल्युमिनियम टिकत नाही.

नळाला लावतात तो छोटा टुल्लू पंप लगेच डोक्यात येतो, जळगाव-धुळ्याला कुठंही मिळतो म्हणून, पण त्याचा इम्पेलर (आत फिरणारं पात्यांचं चाक) बहुतेक पितळीच असतो अन आतली फट इतकी बारीक की तेलात भज्याचा चुरा राहिला तरी जाम. गिअर पंप घट्ट तेल चांगलं ओढतो पण कचऱ्यानं त्याचे दात खराब होतात. 50 लिटरच्या बॅचला अर्धा एचपीचा, एक इंची, साधा सेंट्रिफ्यूगल (चाक फिरवून तेल बाहेर फेकणारा) मोनोब्लॉक, म्हणजे मोटार अन पंप एकत्रच असलेला, पुरतो, बॉडी बिडाची अन इम्पेलर बिडाचा नाहीतर स्टेनलेसचा. दुकानदार "पूर्ण बिडाचा आहे" म्हणला तरी समोर कव्हर खोलायला लावा, इम्पेलरला रंग मारलेला असेल तर कडेला थोडी कानस फिरवा, पिवळं दिसलं की राहू द्या तो पंप. पाइपाचंपण तेच, जीआय (गॅल्व्हनाइज्ड) पाइपावर जस्त असतं म्हणून काळा एमएस (साध्या लोखंडाचा) घ्या, अन पितळी बॉल व्हॉल्व्ह लावू नका.

आता सील, म्हणजे फिरणाऱ्या शाफ्टजवळून तेल बाहेर गळू न देणारा भाग, खरा त्रास इथंच होतो. साध्या पाण्याच्या पंपाच्या मेकॅनिकल सीलला बहुधा नायट्राइल रबर असतं, ते बायोडिझेलमधी हळूहळू फुगतं अन गळती चालू होते. मोटार वाइंडिंगवाल्याला सांगून व्हायटन रबराचं सील बसवून घ्या, महाग पडतं पण घ्याच. शंका असली तर रबराचा तुकडा बायोडिझेलच्या बाटलीत आठवडाभर टाकून ठेवा, फुगला का मऊ पडला ते दिसतंच. दोरीचं पॅकिंग असलेला जुना पंप भंगारात स्वस्त मिळतो, तो नकोच, कारण दोरी थोडी थोडी टपकतेच अन इथं टपकणार मिथेनॉल.

मिथेनॉलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ पेट घेऊ शकते ते) 11-12 अंशांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्यातल्या 44-45 अंशांचं सोडा, थंडीतल्या दुपारीसुद्धा त्याची वाफ पेट घेऊ शकते, अन ती ज्योत उजेडात नीट दिसतपण नाही. म्हणून कार्बन ब्रशवाली मोटार, ड्रिल मशीनला जोडायचा पंप, असलं काही नको, त्यात ठिणगी पडते. बंद बॉडीची इंडक्शन मोटार हवी, परवडत असेल तर फ्लेमप्रूफच (आतल्या ठिणगीनं बाहेरची वाफ पेटू न देणारी) घ्या, अन स्विच-स्टार्टर पंपापासून लांब, भिंतीच्या पलीकडं. मिथेनॉल विष कायद्याखाली येतं, त्याचं लायसन्स आधी बघून घ्या.

पंप टाकीच्या खाली बसवा, तेल आपोआप त्यात उतरलं पाहिजे. सेंट्रिफ्यूगल पंप रिकामा असताना वर ओढत नाही, अन कोरडा फिरला तर सील काही वेळातच जळतं. डिसेंबर-जानेवारीत पाम तेल कॅनमधी तुपासारखं गोठतं, तसं थंड तेल फिरवलं तर मोटारीवर लोड येतो, तर आधी टाकीतच 50-55 अंशांपर्यंत गरम करा अन मग पंप चालू करा. त्याच्या फार वर जाऊ नका, मिथेनॉल 64.7 अंशांला उकळतं, त्याच्या जवळ गेलात तर पंपात वाफेचे बुडबुडे होऊन फ्लो तुटतो.

नवीन पंपात टेस्टिंगचं पाणी राहिलेलं असतं, ते पूर्ण काढून आतून कोरडा करा, नाहीतर बॅचमधी साबण होतो. मग पहिल्यांदा नुसतं गरम तेल तासभर फिरवा, सीलखाली कोरा पुठ्ठा ठेवा, त्यावर एक जरी डाग पडला तरी त्या दिवशी मिथेनॉलचा ड्रम उघडू नका.